टांगता गॅस ब्रूडर : ऊब हवी, कोंडमारा नको

(कोंबडीपालन करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी दिलेल्या भाषणाची संहिता)



दिवाळी सरली की आपल्या नगरकडची हवा पालटते. दिवसा ऊन चांगलं तापतं, पण रात्री अकरानंतर जो गारठा पडतो तो सकाळी सूर्य वर येईपर्यंत हटत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. गहू-हरभऱ्याला ही थंडी मानवते. पण ज्यांच्या शेडमध्ये नुकतीच एक दिवसाची पिल्ले उतरली आहेत, त्यांच्या पोटात गोळा येतो. पिल्लाच्या अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते. पहिले दोन-तीन आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. ती आपण द्यायची. कोंबडीच्या पंखाखाली जे होते, ते शेडमध्ये ब्रूडरने करायचे.

सावेडी हे एके काळी नगरच्या वेशीबाहेरचे गाव. आता ते शहरातच मिसळले आहे आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या आहेत. पण तिथून बाहेर पडून मनमाड रस्त्याने किंवा छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने गेलात, की वडगाव गुप्ता, पिंपळगाव माळवी, जेऊर या बाजूला शिवार लागते. या आणि आसपासच्या गावांतल्या कोंबडीपालकांना ब्रूडर, रेग्युलेटर, नळी, वायसर असे काही लागले की त्यांचे पाय आपसूक शहराकडे वळतात. म्हणून आज सावेडीच्या परिसरातल्या आणि एकूणच जिल्ह्यातल्या कोंबडीपालकांशी बोलायचे आहे ते या एकाच वस्तूविषयी : शेडमध्ये वरून टांगलेला गॅसचा ब्रूडर. तो बसवायचा कसा, राखायचा कसा, आणि मुख्य म्हणजे त्याच्याबरोबर रात्र काढायची कशी.

पूर्वी काय होते? विजेचे दिवे होते, नाहीतर कोळशाची शेगडी, लाकडाच्या भुशाची बुखारी. दिव्यांचे घोडे भारनियमनापाशी अडायचे. शेगडीचा धूर डोळ्यांत जायचा, माणूस खोकायचा, आणि खोकला आला की आपोआप पडदा वर-खाली करून हवा घ्यायचा. गॅस आला आणि धूर गेला. ही सोय खरी, पण माझ्या मते खरा धोकाही इथेच आहे. धूर दिसत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, म्हणून माणसाला वाटते की आता शेड चारी बाजूंनी घट्ट बांधले तरी चालेल. वर प्लॅस्टिकचे छत, बाजूंना दुहेरी पडदे, फटींत पोती कोंबलेली. आणि आत, तुसाच्या उबेत, पिल्लांशेजारी राखण करणारा गडी किंवा जोडपे लेकराला घेऊन झोपलेले. हे चित्र ज्या शेडवर असेल, तिथे आजचे बोलणे आधी पोचावे अशी माझी इच्छा आहे.

गॅसची ज्योत हवा खाते, हे लक्षात घ्या. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. जळून झाल्यावर त्यातून सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड वायू आणि दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. समजा, तुमच्या ब्रूडरला तासाला पाव किलो गॅस लागतो. म्हणजे दिवसरात्र चालला तर सहा किलो. त्या सहा किलोतून साडेनऊ लिटरच्या आसपास पाणी शेडच्या हवेत मिसळले. चार ब्रूडर असतील तर दोन मोठ्या घागरी रोज! हे पाणी जाईल कुठे? बाहेर जायला वाट नसेल तर गार पत्र्याला लागून थेंब होऊन खाली टपकेल, तूस ओले होईल. ओल्या तुसातून अमोनियाचा वास सुटेल आणि पिल्लांच्या डोळ्यांना पाणी येईल. पुष्कळांना वाटते, की पाण्याची भांडी सांडल्यामुळेच तूस भिजले. भांडी तर पाहाच, पण एकदा पहाटे पत्र्याच्या खालच्या अंगाला हात लावून पाहा.

हे झाले गॅस नीट जळला तर. हवा कमी पडली, किंवा ब्रूडरचे तोंड धुळीने बुजले, तर गॅस अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधला गॅस गळला तर आपल्याला वास येतो, कारण त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. पण जळल्यानंतर तो वासही जळून जातो. म्हणून 'वास नाही, म्हणजे धोका नाही' हा हिशेब गळतीपुरता थोडाफार चालेल, या वायूला मुळीच चालणार नाही. हा वायू श्वासातून रक्तात शिरला की प्राणवायूची जागा धरून बसतो. प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक चिवटपणे तो रक्ताला चिकटतो. माणसाचे डोके जड होते, गरगरते, मळमळते, हातापायांतले बळ जाते. जागा माणूस निदान उठून बाहेर येईल. झोपलेल्याला काही कळतच नाही.

म्हणून पहिला नियम ब्रूडर बसवण्याआधीचा आहे. राखण करणाऱ्याची झोपायची जागा ब्रूडिंगच्या शेडच्या बाहेर करा. शेडला लागून छोटी खोली असेल तर तिची शेडकडची खिडकी बंद आणि बाहेरची उघडी ठेवा. रात्री दर दोन तासांनी फेरी मारायला गजर लावा. मजुराला थंडी वाजते म्हणून तो आत झोपतो, यात त्याचा दोष नाही. त्याला चांगल्या दोन घोंगड्या आणि खाट द्या, एवढे केले तरी पुष्कळ. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे बॅटरीवरचे लहान यंत्र बाजारात मिळते. तेही एक आणून खोलीत लावावे. पिल्लांच्या एका लॉटला जेवढा खर्च होतो, त्यापुढे त्याची किंमत काहीच नाही.

आता हवा कशी खेळवायची ते पाहू. पिल्लांना झोत लागता कामा नये, हे सर्वांना ठाऊक असते आणि त्यापायीच शेड कोंडले जाते. पण झोत वेगळा आणि हवा वेगळी. आपल्या उघड्या शेडला खाली फूट-दीड फुटाची भिंत असते आणि वर जाळी. जाळीवरचा पडदा खालच्या बाजूला पक्का बांधा आणि वरून खाली सरकेल असा ठेवा. वर, छताच्या जवळ, चार-सहा बोटांची फट रात्रंदिवस उघडी राहू द्या. जळलेला ऊन वायू आणि वाफ वर चढते, ती या फटीतून निघून जाते आणि पिल्लांच्या अंगावर वारे येत नाही. थंडीसाठी आतून प्लॅस्टिकचे छत बांधत असाल, तर तेही बाजूच्या फटीला झाकणार नाही असे बांधा, आणि ब्रूडरच्या नेमके वर प्लॅस्टिक येऊ देऊ नका.

वरची वाट झाली, आता खालची. हा मुद्दा सहसा कुणी बोलत नाही. सिलिंडरमधला एलपीजी गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली वाहतो. आपली ती फूट-दीड फुटाची भिंत चारी बाजूंनी सलग असते. म्हणजे गळलेल्या गॅसच्या दृष्टीने तुमचे शेड हा एक हौदच झाला! गॅस तुसावर साचून राहतो आणि वरच्या फटीतून तो जात नाही. म्हणून भिंतीच्या पायाशी, तुसाच्या थराच्या जरा वर, ठिकठिकाणी मुठीएवढी भोके ठेवावीत. त्यांना बाहेरून बारीक जाळी मारावी, म्हणजे उंदीर, मुंगूस, जनावर आत शिरणार नाही. पिल्लांभोवती आपण जो पत्र्याचा गोल कडा लावतो, तो भोकासमोरचा झोत अडवतो. तेव्हा थंडीची काळजी नको.

ब्रूडर काम कसे करतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे उंची ठरवणे सोपे जाईल. ज्योतीने त्याची जाळी किंवा चिनी मातीची वीट लाल होते आणि तिच्यातून उष्णतेचे किरण सरळ खाली पडतात. हिवाळ्यातले कोवळे ऊन आठवा. हवा गार असते, पण उन्हात बसलेल्या माणसाची पाठ शेकते. तसेच हे किरण मधली हवा फारशी न तापवता पिल्लाचे अंग आणि खालचे तूस तापवतात. म्हणून आपल्या डोक्याच्या उंचीला तापमापक टांगून काही उपयोग नाही. तो पिल्लाच्या पाठीच्या उंचीला, तुसापासून दोन इंचांवर, ब्रूडरच्या कडेच्या रेषेत धरा. पहिल्या आठवड्यात तिथे ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस, आणि पुढे दर आठवड्याला ५ अंश फॅरनहाइटने कमी, हा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो. कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असेल तर तो पाळा.

पण तापमापकापेक्षा पिल्ले खरे बोलतात. सगळी मधोमध एकावर एक चढली आणि चिवचिवाट मोठा झाला, की समजा थंडी वाजते आहे. कडेला जाऊन पंख पसरून चोच उघडी टाकून बसली, की ऊब जास्त झाली. सगळी एकाच बाजूला सरकली, तर समोरून झोत येतो आहे. आणि सगळीकडे सारखी विखुरली, काही खाताहेत, काही झोपलीत, तर तुम्हीही जाऊन चहा घ्या. आणखी एक चिन्ह आहे. उष्णता बेताची असूनही पिल्ले सुस्त, डोळे मिटून बसलेली, आणि आत गेल्यावर आपलेही डोके जड होत असेल, तर हवा बिघडली आहे असे धरून आधी पडदा खाली घ्यावा. पहिल्या आठवड्यांत कोंडलेल्या हवेत वाढलेल्या बॉयलर पक्ष्यांत पुढे पोटात पाणी होण्याचे प्रमाण वाढते. ती मर चौथ्या-पाचव्या आठवड्यात दिसते आणि आपण खाद्याला दोष देत बसतो.

उंची किती? ब्रूडरच्या अंगावर धातूची पट्टी असते, सोबत एक कागद येतो. त्यावर जमिनीपासूनचे, भिंतीपासूनचे आणि वरच्या छतापासूनचे अंतर दिलेले असते. तोच शब्द अखेरचा. लहान ब्रूडर साधारण तीन फुटांवर, मोठे चार-पाच फुटांवर असतात, पण शेजाऱ्याचे पाहून आपले टांगू नका, कारण त्याचा ब्रूडर वेगळ्या ताकदीचा असू शकतो. ऊब कमी पडली की साखळी दोन कड्या खाली सोडायची, ही सवय फार वाईट. पट्टीवरच्या कमीत कमी अंतराखाली ब्रूडर आला की भाताचे तूस, भुईमुगाची फोलपटे, पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी अंथरलेला रद्दी कागद हे सगळे पेटायला एवढेसे निमित्त पुरते. कागदाच्या कडा दाबून ठेवा, तिसऱ्या दिवशी कागद काढून टाका. ऊब कमी पडत असेल तर ब्रूडरांची संख्या वाढवा किंवा कड्याचा घेर लहान करा.

टांगायला लोखंडी साखळीच वापरा. सुतळी नको, नायलॉनची दोरी तर मुळीच नको, ती उष्णतेने मऊ होऊन तुटते. साखळी कैचीच्या पक्क्या लोखंडात अडकवा, बांबूला नको. मुख्य साखळीशिवाय एक जादा आखूड साखळी सैल अशी अडकवून ठेवा. पहिली सुटली तर ब्रूडर तुसावर न पडता हवेतच थांबेल. गॅसची नळी ही ब्रूडर तोलून धरण्यासाठी नसते. नळीला ताण पडत असेल तर जोडणी चुकली असे समजा.

आता सिलिंडर. तो शेडच्या आत ठेवायचा नाही. बाहेर, सिमेंटच्या ओट्यावर, उभा, वर पत्र्याची सावली, समोर जाळीचे दार आणि हवा खेळती. जवळ विहीर, गटार, खड्डा नसावा, कारण जड गॅस तिथे उतरून बसतो. कडबा, खाद्याची पोती, डिझेलचा डबा त्या बाजूला नको. सिलिंडर आडवा कधी ठेवू नये. आडवा ठेवला तर वायूच्या ऐवजी पातळ गॅस नळीत येतो आणि ब्रूडरच्या तोंडाशी भडका उडतो.

घरच्या स्वयंपाकाचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर शेडला लावणे कायद्याने चालत नाही. धंद्यासाठी १९ किलोची टाकी घ्यावी लागते, तिचा रंग बहुधा निळा असतो. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गॅस भरून देणारे लोक भेटतात. त्यांना दारातही उभे करू नका. एका वेळी एकूण १०० किलोपर्यंत गॅस ठेवायला वेगळा परवाना लागत नाही. म्हणजे भरलेल्या पाच टाक्या झाल्या की थांबायचे. टाकी घेताना तिच्या मानेजवळच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे कोरलेले असतात तेही पाहून घ्या. इंग्रजी पहिले अक्षर 'ए' म्हणजे मार्चअखेर, 'बी' म्हणजे जूनअखेर, 'सी' सप्टेंबर, 'डी' डिसेंबर, आणि पुढचे आकडे सालाचे. ती तपासणीची मुदत असते. उलटून गेलेली टाकी परत करावी.

रेग्युलेटरच्या बाबतीत आपल्याकडे फार गोंधळ आहे. काही ब्रूडर कमी दाबावर चालतात, काही जास्त दाबावर. कोणता दाब ते पट्टीवर लिहिलेले असते. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर काढून जास्त दाबाच्या ब्रूडरला लावला तर ज्योत मरगळते, आणि उलट केले तर ज्योत जाळीच्या बाहेर लपलपते. दोन्ही वाईट. तीच गोष्ट गोबरगॅसची. कुणाकुणाला वाटते, गोठ्यामागे गोबरगॅसचा संच आहेच, तर जोडून टाकू ब्रूडरला. गोबरगॅसचा दाब फार कमी आणि त्यात जळणारा वायू निम्म्याहून थोडाच जास्त. एलपीजीसाठी पाडलेले बारीक छिद्र त्याला पुरत नाही. गोबरगॅससाठीच बनवलेला बर्नर असेल तरच त्या वाटेला जा. नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूलाही हाच न्याय.

सिलिंडरपासून शेडपर्यंत आणि शेडमध्ये कैचीच्या बाजूने लोखंडी किंवा तांब्याचा पक्का पाइप न्यावा. रबरी नळी फक्त पाइपापासून ब्रूडरपर्यंत, दीड मीटरपेक्षा लांब नको. ती आयएसआय शिक्क्याची, आत तारेची जाळी असलेली घ्या. साधी रबरी नळी उंदीर कुरतडतो, आणि ज्या शेडमध्ये खाद्य आहे तिथे उंदीर आहेच. नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षे झाली की बदला, दिसायला चांगली असली तरी. प्रत्येक ब्रूडरला वेगळा कॉक हवा, आणि सगळ्या ओळीचा एक मुख्य कॉक शेडच्या बाहेर, अंधारात हात घातला तरी सापडेल असा. पडद्याची दोरीही बाहेरूनच ओढता आली पाहिजे. का, ते पुढे सांगतो.

जोडणी झाली की गळती पाहायची ती साबणाच्या फेसाने. काडी पेटवून पाहणारे महाभाग अजून आहेत! वाटीत साबणाचे पाणी करून, ब्रशने प्रत्येक जोडावर, कॉकवर, रेग्युलेटरच्या मानेवर लावा. बुडबुडा फुगला की तिथे गळती. टाकी बदलली की दर वेळी हे करा, आणि टाकीच्या तोंडातले रबरी वायसर जागेवर आहे ना, ते चिरलेले नाही ना, तेही पाहा.

पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशीच, हिवाळ्यात चोवीस तास अगोदर, ब्रूडर पेटवून ठेवा. तूस आतपर्यंत तापायला तेवढा वेळ लागतो. वर तापलेले आणि खाली गार असे तूस पिल्लाच्या पायांना कळते. पेटवताना आधी काडी, मग कॉक. चिनी मातीच्या विटेचा ब्रूडर लालभडक व्हायला थोडा वेळ घेतो. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी कळ असलेला ब्रूडर चार पैसे महाग पडतो, पण तोच घ्यावा. त्या कळीला तार बांधून ती कायमची दाबून ठेवलेली मी शेडोशेडी पाहिली आहे. 'सारखा विझतो हो,' असे कारण सांगतात. अहो, तो विझतो कारण काहीतरी बिघडले आहे! तार बांधल्याने बिघाड जात नाही, फक्त विझलेल्या ब्रूडरमधून गॅस रात्रभर तुसावर ओतला जातो.

पहाटे तीन-चारला ज्योत मंदावते, अशी तक्रार हिवाळ्यात नेहमी येते. त्याचे कारण साधे आहे. टाकीतला पातळ गॅस वायू होताना टाकीचीच उष्णता ओढून घेतो. थंडी कडक, टाकी एक आणि ब्रूडर बरेच असले की टाकी गार पडते, बाहेरून दव किंवा बर्फ धरते, दाब उतरतो. अशा वेळी टाकीवर उकळते पाणी ओतणे, खाली निखारे ठेवणे, पोते पेटवून शेकणे हे जिवावरचे खेळ आहेत. दोन-तीन टाक्या एकत्र जोडून घ्या, म्हणजे प्रत्येकीवरचा भार कमी होतो. ही जोडणी मात्र गॅस वितरकाच्या माणसाकडूनच करून घ्यावी.

ज्योतीचा रंग रोज पाहायचा, निदान रात्री नवाला आणि पहाटे चारला. निळी, स्थिर ज्योत किंवा सारखी लाल झालेली जाळी असेल तर ठीक. पिवळी, लांब, काजळी धरणारी ज्योत दिसली की हवा कमी पडते आहे किंवा ब्रूडर बुजला आहे. तो ब्रूडर त्याच वेळी बंद करावा, 'सकाळी बघू' असे म्हणू नये. कोंबडीच्या शेडइतकी धूळ पिठाच्या गिरणीतही नसेल. पिसांची लव, खाद्याचे पीठ, तुसाचे कण हे सगळे ब्रूडरच्या हवा घेणाऱ्या तोंडात जाऊन बसते. त्यात ब्रूडर दोन महिने बंद राहिला की त्या नळकांड्यात कोळी घर करतो. एवढ्याशा जाळ्यानेही ज्योत पिवळी पडते.

म्हणून प्रत्येक लॉट गेला की ब्रूडर खाली उतरवावा. गार झाल्यावर मऊ ब्रशने आणि हलक्या हवेने साफ करावा. कॉम्प्रेसरचा पूर्ण झोत विटेवर मारला तर वीट तडकते. तडकलेली वीट बदलायचीच, सिमेंट लावून भागत नाही. गॅसच्या बारीक छिद्रात तार किंवा सुई घालू नका. छिद्र केसभर मोठे झाले की गॅस जास्त येऊ लागतो आणि तो ब्रूडर कायमचा काजळी धरतो. पितळी आणि तांब्याच्या जोडांवर हिरवट थर आला असेल तर तो अमोनियाचा प्रताप आहे. खरवडून साफ केल्यावर खाली चीर दिसली तर तो जोड काढून टाका. शेड धुताना, औषध फवारताना, फ्लेमगनने पिसे जाळताना ब्रूडर आणि टाक्या तिथे असता कामा नयेत. फॉर्मॅलिनची धुरी देतानाही नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, जाणत्या मेकॅनिककडून दाब, कॉक आणि सुरक्षेची कळ तपासून घ्यावी.

काही मोठ्या बंद शेडमध्ये ब्रूडरऐवजी नळीचा हीटर असतो. छताखालून लांब लोखंडी नळी जाते, एका टोकाला ज्योत, वर चकचकीत पत्रा, आणि ऊन नळी खाली किरण टाकते. जळलेला वायू शेडबाहेर सोडण्याची सोय असेल तर हवेच्या दृष्टीने ही रचना अधिक चांगली. पण बाहेर जाणाऱ्या धुराड्याच्या तोंडाला चिमणीने घरटे केले किंवा सांधा सैल झाला, तर सगळे पुन्हा आतच येते. त्यातला पंखा विजेवर चालतो, तेव्हा जनरेटरचाही विचार आधीच करावा. बाकी टांगणी, अंतर, फेसाने तपासणी हे सगळे वर सांगितले तसेच.

आता वाईट वेळ आली तर काय? शेडमध्ये शिरताच गॅसचा वास आला, तर दिव्याचे बटण दाबू नका. चालू करू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. पंखा नको, मोबाइल नको, बॅटरीही आत लावू नका. बाहेरचा मुख्य कॉक बंद करा, बाहेरूनच पडदे पूर्ण खाली ओढा आणि वाट पाहा. पिल्ले गारठतील, काही दगावतील. गारठू द्या. आत कुणी बेशुद्ध पडलेला दिसला तर त्याच्यामागे लगेच धावत जाऊ नका. असा धावलेला दुसरा माणूसही तिथेच कोसळतो. आधी कॉक, मग पडदे, मग एक श्वास धरून आत आणि त्याला ओढत बाहेर. कांदा हुंगवत बसू नका, त्याला प्राणवायूची गरज आहे. गाडी काढून दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना 'गॅसच्या शेगडीच्या खोलीत होता' हे न विसरता सांगा. शुद्धीवर आला तरी न्या.

तूस पेटले तर वाळूच्या बादल्या आणि कोरड्या पावडरीचा बंब दाराशी हवा. टाकीच्या तोंडाशी आग असेल तर ओल्या गोणपाटाने हात झाकून, जमत असेल तरच झडप बंद करा. जमत नसेल तर माणसे, जनावरे दूर करा. खेड्यावर शहराचा बंब यायला वेळ लागतो, म्हणून फोन आधी करा. आगीसाठी १०१ किंवा ११२, आणि गॅसगळतीसाठी १९०६, हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. हे आकडे टाकीच्या ओट्याशेजारच्या भिंतीवर तेलरंगाने मोठे लिहून ठेवा, रात्री राखणीला असणाऱ्यालाही वाचता येतील असे. त्याला वाचता येत नसेल, तर एकदा त्याच्याकडूनच फोन लावून घेऊन शिकवून ठेवा.